पाहण्याचा अधिकार : शालेय सहल आणि शिक्षणातील समान संधी

विद्यार्थ्याच्या घडणीत पाठ्यपुस्तकाइतकेच महत्त्व त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या जगाला असते, हे सर्वमान्य आहे. तरीही शालेय सहलीकडे पाहण्याची आपल्या समाजाची दृष्टी आजही संकुचितच राहिली आहे. सहल म्हणजे मौज, अभ्यासातून दोन दिवसांची सुटका; ऐपत असेल त्याने जावे, नसेल त्याने घरी बसावे, असा सर्वसाधारण समज आढळतो. प्रस्तुत लेखात आम्ही या समजाची तपासणी करू इच्छितो. कारण ‘ऐपत असेल त्याने जावे’ हे वाक्य एकदा शाळेत शिरले की ते सहलीपुरते मर्यादित राहत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. ‘मी पाहिलेले ऐतिहासिक स्थळ’, ‘माझी अविस्मरणीय सहल’, ‘समुद्रकिनाऱ्यावरील एक संध्याकाळ’ हे विषय मराठीच्या प्रश्नपत्रिकेत वर्षानुवर्षे येत आहेत. ज्या मुलाने आपल्या तालुक्याबाहेरचे काहीच पाहिलेले नाही, त्याने या विषयावर काय लिहावे? तो निबंधाच्या पुस्तकातील समुद्र पाठ करतो आणि कधीच न पाहिलेल्या लाटांचे वर्णन उत्तरपत्रिकेत उतरवतो. शेजारच्या बाकावरील मुलगा मात्र दिवाळीच्या सुट्टीत पाहिलेला समुद्र स्वतःच्या शब्दांत लिहितो. प्रश्न भाषेचा असतो. पण गुण पालकांच्या ऐपतीला मिळतात. ‘समान संधी’ या शब्दाचा अर्थ एकाच वर्गात बसण्याची व एकच प्रश्नपत्रिका सोडविण्याची मुभा एवढाच असेल, तर या दोन मुलांना समान संधी मिळाली असे म्हणावे लागेल. आम्हांस ते मान्य नाही.

इतिहासातील दोन प्रवास

पाहण्यासाठी, फिरण्यासाठी, सुट्टीचा आनंद घेण्यासाठी घराबाहेर पडणे ही गोष्ट आपल्या समाजाच्या वाट्याला सहजासहजी आलेली नाही. याचे दोन पुरावे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत स्वतः नोंदवून ठेवले आहेत.

पहिला प्रवास १९०१ सालचा. सुभेदार रामजी त्या वेळी नोकरीनिमित्त गोरेगावी होते. उन्हाळ्याची सुट्टी तेथे घालविण्यासाठी त्यांनी साताऱ्याहून मुलांना बोलावून घेतले. बालक भीमराव, त्यांचे वडील बंधू आणि मृत बहिणीची मुले असे सारे आनंदाने निघाले. आगगाडी त्यांनी तोवर पाहिलेली नव्हती. नवे कपडे, नव्या टोप्या, नवे जोडे असा थाट होता. मसूर स्थानकावर उतरल्यावर, मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरची वागणूक पालटली आणि दाम देऊनही कोणी गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे ठरले आणि गाडी मुलांनीच हाकावी, गाडीवान बरोबर चालेल, असा तोडगा निघाला. जवळ शिदोरी होती, परंतु वाटेत पिण्याचे पाणी मिळाले नाही. ती रात्र मुलांनी उपाशीपोटी काढली. सुट्टीच्या आनंदासाठी निघालेल्या एका शाळकरी मुलाला आपली सामाजिक जागा कोणती, हे त्या वाटेने शिकविले.

दुसरा प्रवास १९३४ सालचा. चळवळीतील काही सहकाऱ्यांनी स्थलदर्शनाची इच्छा व्यक्त केली आणि बाबासाहेबांनी बरोबर यावे असा आग्रह धरला. वेरूळची बौद्ध लेणी पाहण्याचे ठरले. सुमारे तीस जणांची ही मंडळी नाशिकहून औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) दिशेने निघाली. हा प्रदेश तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावयाचा होता. तेथील आपल्या लोकांनी चहापानाची तयारी ठेवली होती. परंतु अंधार पडण्यापूर्वी किल्ला पाहून व्हावा म्हणून चहा परतीच्या वेळी घेऊ, असे सांगून मंडळी पुढे गेली. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने भरलेले एक लहान टाके होते. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी तेथे हातपाय-तोंड धुतले. एवढ्यावरून अस्पृश्यांनी पाणी बाटविले अशी ओरड झाली, जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, ती आत कोठेही पाण्याला स्पर्श करावयाचा नाही या अटीवर. आणि त्या अटीच्या पालनासाठी एक सशस्त्र शिपाई बरोबर देण्यात आला.

येथे दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. ओरड करणारे लोक मुसलमान होते. म्हणजे अस्पृश्यतेचा रोग एका धर्माच्या सीमेत थांबला नव्हता, आणि बाबासाहेबांनी हे स्पष्टपणे नोंदविले आहे. दुसरी गोष्ट अशी की तोपर्यंत बाबासाहेब कोलंबिया व लंडन या विद्यापीठांच्या उच्च पदव्या मिळविलेले बॅरिस्टर होते आणि गोलमेज परिषदांना उपस्थित राहिले होते. असा विद्वान जेव्हा देवगिरीच्या यादवांची राजधानी पाहावयास जातो, तेव्हा त्याच्यामागे पहारेकरी चालतो. पाहण्याचा अधिकार नाकारणे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस माहीत नाही.

कायद्याने उघडलेली दारे

हा पहारा हटविण्यासाठी दीर्घ संघर्ष करावा लागला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. तळ्यासंबंधीचा न्यायालयीन निर्णय आपल्या बाजूने लागावयास १९३७ साल उजाडले.

पुढे भारतीय संविधानाने हे दार कायमचे उघडले. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांचा उल्लेख आहे. हे कलम आम्ही वर्गात शिकवितो तेव्हा विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो : या यादीतील ठिकाणे ओळीने वाचा, एखाद्या प्रवाशाची संपूर्ण वाट डोळ्यांसमोर उभी राहते. रस्ता, विहीर, तलाव, उपाहारगृह. १९०१ साली मसूरच्या वाटेवर आणि १९३४ साली दौलताबादच्या दारात जे नाकारले गेले, ते सारे या यादीत आहे.

बाबासाहेब औरंगाबादला पुन्हा आले, ते शिक्षणाचे केंद्र उभारण्यासाठी. १९४५ साली त्यांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले, आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबांतील पहिला पदवीधर या परिसरातून बाहेर पडला. जेथे पाण्याला हात लावला म्हणून अपमान झाला, तो किल्ला या परिसरापासून अवघ्या काही मैलांवर आहे. नागसेनवन पाहावयास नेलेल्या विद्यार्थ्यांना दौलताबाद दाखविले आणि दौलताबादच्या दारात उभे करून नागसेनवनाची कथा सांगितली, तर इतिहासाचा एक संपूर्ण धडा एका दिवसात शिकवून होतो.

आजचा पहारेकरी

आज किल्ल्याच्या दारात कोणी जात विचारीत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्कही द्यावे लागत नाही. तरीही अनेक मुले त्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांना अडविणारा पहारेकरी आता शाळेच्या सूचनाफलकावर असतो : सहलीचे शुल्क अमुक, भरण्याची अंतिम तारीख अमुक.

ही सूचना लागल्यानंतर वर्गात काय घडते, ते शिक्षक म्हणून आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत. ज्या मुलाच्या घरी पैसे नाहीत, तो तसे कधीच सांगत नाही. तो म्हणतो, “मला गाडी लागते.” कोणी म्हणते, “घरी काम आहे,” कोणी म्हणते, “मी ते ठिकाण पाहिले आहे.” दहा-बारा वर्षांचे मूल आपल्या आईबापांची अब्रू राखण्यासाठी असे खोटे बोलते, तेव्हा शाळेने त्याला कोणता धडा दिला? सहलीचा दिवस उजाडतो, गाडी निघते आणि मागे राहिलेली मुले रिकाम्या वर्गात बसतात. परतल्यावर वर्गात आठवडाभर सहलीच्याच गोष्टी चालतात. त्या गोष्टींत ज्याला स्थान नाही, त्याला आपण कोणत्या बाकावरचे आहोत हे कोणी सांगावे लागत नाही.

पैशाखेरीज आणखीही अडसर आहेत. आपल्यासारख्या निवासी शाळांतील अनेक मुलांचे पालक ऊसतोडीला जातात. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. शाळांच्या सहलीही बहुधा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच निघतात. संमतिपत्रावर पालकांची सही हवी असते आणि पालक दुसऱ्या जिल्ह्यात, कोठल्या तरी कारखान्याच्या परिसरात कोपी घालून राहिलेले असतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्याची चिंता ज्यांच्या डोक्यावर आहे, त्यांच्याकडे हंगामाच्या मध्यावर सहलीचे पैसे मागणे म्हणजे उत्तर ठाऊक असलेला प्रश्न विचारणे होय. मुलींच्या बाबतीत यात सुरक्षिततेची काळजी मिसळते. बरोबर शिक्षिका आहेत काय, मुक्कामाची व स्वच्छतागृहाची सोय कशी आहे, याची खात्री शाळेने दिली नाही, तर पैसे असूनही मुलगी मागे राहते.

काय पाहावे, कसे पाहावे

आता सहल हा शिक्षणाचा भाग आहे असे म्हणावयाचे, तर तिच्यात शिक्षण असले पाहिजे. पाण्याच्या घसरगुंड्यांवर एक दिवस खेळणे यात गैर काही नाही; परंतु तो खेळ झाला. भगवान बुद्धांच्या भिक्खुसंघाची परंपराच मुळी चारिकेची आहे. वर्षावासाचे महिने सोडले तर भिक्खू गावोगाव फिरत, लोकांत मिसळत, शिकत आणि शिकवीत. सातव्या शतकात चिनी भिक्खू ह्युएन त्संग हजारो मैलांचा प्रवास करून नालंदेस आला आणि महाराष्ट्रातही येऊन गेला. पाहणे, विचारणे, पडताळणे आणि मग मानणे, ही बौद्ध अध्ययनपद्धती आहे. सहलीची आखणी याच पद्धतीने करावी.

महाराष्ट्राच्या डोंगरांत कोरलेली लेणी ही यासाठी उघडी पाठशाळाच आहे. वेरूळ येथील ३४ प्रमुख लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध, त्यानंतरची ब्राह्मणी आणि शेवटची पाच जैन आहेत. पाचव्या लेण्यात लांबच लांब दोन दगडी बैठका समांतर कोरलेल्या आहेत. येथे भिक्खू एकत्र बसून भोजन वा अध्ययन करीत असावेत, असे अभ्यासक मानतात. त्या बैठकांच्या दोन्ही बाजूंस मुलांना पंक्तीने बसवावे आणि विचारावे, येथे उंच आसन कोणाचे दिसते काय?

कार्ले येथील चैत्यगृहाच्या लेखांत धेनुकाकट गावच्या गंध्याचे आणि सुताराचे दान नोंदलेले आहे. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. अनेक ठिकाणी भिक्खुणींची व गृहिणींची दाने आहेत. इतिहास म्हणजे राजांच्या लढाया, असे समजणाऱ्या मुलाला आपल्या आजोबांसारख्या कारागिराचे नाव दोन हजार वर्षांच्या दगडावर सापडते, तेव्हा त्याचा इतिहासाशी असलेला संबंधच पालटतो. नाशिकच्या लेण्यांना लोक ‘पांडवलेणी’ म्हणतात; तेथील लेखांत मात्र त्या डोंगराचे नाव ‘तिरण्हु’, म्हणजे त्रिरश्मी, असे आहे आणि दान भिक्खुसंघास दिलेले आहे. फलकावरचे नाव आणि दगडावरचे नाव यांतील हा फरक मुलांनी स्वतः शोधावा.

कान्हेरीच्या डोंगरावर शंभराहून अधिक लेणी आहेत आणि त्यांच्यालगत पाण्याची टाकी खोदलेली आहेत. ही टाकी दान देणाऱ्यांची नावे लेखांत आढळतात. तेथे टाक्याला ‘पाणियपोढी’ असा शब्द आहे. संघाला पाणी देणे हे ज्या भूमीत पुण्य मानले गेले, त्याच भूमीत पाण्याला स्पर्श करणे हा पुढे गुन्हा ठरला, तो कसा? हा प्रश्न मुलाने कान्हेरीच्या टाक्याजवळ उभे राहून विचारला, तर चवदार तळ्याचा अर्थ त्याला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. महाडच्या सहलीत चवदार तळे, जवळची गांधारपाले येथील बौद्ध लेणी आणि रायगड ही तिन्ही स्थळे घेता येतात.

यासाठी सहलीपूर्वी एक तास वर्गात तयारी करावी. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत चार प्रश्न असावेत : हे कोणी खोदले? खर्च कोणी दिला? पाणी कोठून येत होते? येथे कोणाला येता येत होते आणि कोणाला नाही? परतल्यावर उत्तरे वर्गात वाचून दाखवावीत. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, ही बाबही आखणीच्या वेळी लक्षात ठेवावी.

जवळचे, परंतु सर्वांसाठी

आमच्यापुढे नेहमी दोन आक्षेप येतात. पहिला असा की, पैसा मर्यादित असताना तो पुस्तकांवर आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीवर खर्च करावा, सहल ही चैन आहे. आमचे उत्तर असे की, ज्या मुलाने जिल्ह्याबाहेर पाऊल टाकले नाही, त्याला पुढे दूरच्या शहरातील महाविद्यालयात प्रवेश मिळूनही तेथे जाण्याचे धैर्य होत नाही. रेल्वेचे आरक्षण कसे वाचावे, अनोळखी ठिकाणी चौकशी कशी करावी, चारचौघांत निर्भयपणे कसे वावरावे, हेही शिक्षणच आहे. सुखवस्तू घरातील मूल ते नकळत शिकते. आपल्या मुलाला ते शाळेनेच शिकवावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. काही पालक म्हणतात, “आम्ही पैसे भरावयास तयार आहोत, इतरांना जमत नाही म्हणून आमच्या मुलांनी दूरची सहल का सोडावी?” या पालकांची तळमळ आम्ही समजू शकतो, त्यांतील अनेकांनी स्वतः बालपणी काहीच पाहिलेले नाही. परंतु कुटुंबाने सुट्टीत कोठे जावे हा कुटुंबाचा प्रश्न आहे. शाळेची सहल ही संपूर्ण शाळेची असते. संविधानाच्या उद्देशिकेत दर्जाची आणि संधीची समानता एकत्र सांगितली आहे, आणि तिच्या पाठोपाठ बंधुता आली आहे. अर्ध्या वर्गाला दूर नेणाऱ्या सहलीपेक्षा पूर्ण वर्गाला जवळ नेणारी सहल आम्ही श्रेष्ठ मानतो. सर्वांना जाता येईल तेच ठिकाण निवडावे, हा नियम शाळेने पाळावा.

व्यवहारात हे अशक्य नाही. शालेय सहलीसाठी एस. टी. महामंडळाची गाडी प्रासंगिक करारावर निम्म्या भाड्यात मिळते. स्मारकांचा मुलांचा प्रवेश विनामूल्य आहे. अनेक गावांत आपली विहारे आहेत. तेथे एका रात्रीच्या मुक्कामाची आणि जेवणाची सोय स्थानिक उपासक-उपासिका आनंदाने करतात. संमतिपत्रे जूनमध्ये, प्रवेशाच्या वेळीच, पालक गावी असताना भरून घ्यावीत. सहलीचे वेगळे शुल्क आकारू नये. खर्च एका सामाईक निधीतून व्हावा आणि कोणी किती दिले हे मुलांना कळू नये. दिवाळीच्या सुट्टीत ज्या मुलांचे घर कुलूपबंद असते आणि जी वसतिगृहातच राहतात, त्यांच्यासाठी त्या सुट्टीतील एक दिवस स्थलदर्शनाचा असावा. सुट्टी सर्वांना मिळते. सुट्टीत जाण्यास ठिकाणही सर्वांना मिळाले पाहिजे.

येथे माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले, तेव्हा खेड्यातील मुलाला शहरातील शाळेपर्यंत पोहोचविणे हा हेतू होता. त्या परंपरेतील निवासी शाळेत आपण शिकलात. आज आपल्यापैकी कोणी शिक्षक, कोणी अभियंता, कोणी परिचारिका, कोणी बसचालक आहे. एका मुलाचा एका सहलीचा खर्च उचलणे बहुतेकांना शक्य आहे. ज्यांना तेही शक्य नाही, त्यांनी आपल्या गावाजवळील लेणे, किल्ला, नदीचा उगम वा कारखाना दाखविण्यासाठी एक दिवस द्यावा. अनोळखी ठिकाणी आपले माणूस भेटले की मुलाची भीती जाते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

संविधानाच्या अनुच्छेद ५१ क नुसार आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. जो वारसा पाहिलाच नाही, त्याचे मोल कसे जाणणार? म्हणून हे कर्तव्य मुलांना शिकविण्यापूर्वी त्यांना तो वारसा दाखविणे, हे शाळेचे, पालकांचे आणि समाजाचे कर्तव्य ठरते. यंदाच्या सहलीची यादी करताना आम्ही शिक्षक ती हजेरीपटावरून करतो, पावतीपुस्तकावरून नव्हे. हजेरीपटावरील प्रत्येक नावासाठी गाडीत एक जागा असावी, एवढीच आपणा सर्वांकडून अपेक्षा आहे.